जुन्या इंजिनचे रबरी सील : शोधावे कसे, जमवावे कसे
(रेडिओवरील शेती कार्यक्रमात झालेले भाषण)



आज मी बी-बियाणे किंवा खतांविषयी बोलणार नाही. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तुमच्या पिकाच्या पाण्याशी त्याचा थेट संबंध आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या शेडमध्ये वडिलांच्या काळातलं एखादं डिझेल इंजिन किंवा जुना ट्रॅक्टर उभा असेल. एरवी त्याच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. पण गहू ओंबीवर आला, कांदा पोसायला लागला आणि नेमकी वीज गेली, की त्याचीच आठवण होते.

ही जुनी इंजिने मोठी दणकट. साताऱ्याचे कूपर, खडकीचे किर्लोस्कर, किंवा इंग्लंडच्या लिस्टर इंजिनच्या धर्तीवर राजकोटला बनलेले, मिनिटाला ६५० फेरे घेणारे इंजिन, कोणतेही घ्या. त्याचे लोखंड लवकर दगा देत नाही. दगा देते ती रबराची एखादी रिंग. ती दुकानात मिळत नाही आणि कंपनीकडे आता तो भागच नसतो. एचएमटीचे उदाहरण घ्या. त्यांचा पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला, पण त्यांचे ट्रॅक्टर अजून शेतात आहेत. मग होतं काय, की रबराच्या एका रिंगसाठी चांगलं चालतं इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं. तसं होऊ नये म्हणून आज चार गोष्टी सांगतो.

गळतीकडे दुर्लक्ष नको

इंजिनमध्ये रबरी वस्तू साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिली, फिरत्या शाफ्टवर बसणारे ऑइल सील. दुसरी, लायनरच्या किंवा झाकणाच्या खोबणीत बसणारी गोल रिंग, जिला आपण ओ रिंग म्हणतो. आणि तिसरी, दोन भागांच्या मध्ये बसणारे पॅकिंग.

आपण म्हणाल, थेंब थेंब तेल गळतंय, त्यात एवढं काय? जरा हिशेब करू. तेलाचे साधारण २० ते ३० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. दर दोन सेकंदांना एक थेंब पडला, तर आठ तासांत १४,४०० थेंब होतात. म्हणजे अर्धा लिटर किंवा त्याहून जास्तच तेल गेलं. लहान इंजिनच्या चेंबरमध्ये तेल असतं तीन-चार लिटर. रात्रभर पाणी चालू ठेवून आपण घरी झोपलो, आणि असे तीन-चार दिवस तेल पाहिलंच नाही, तर बेअरिंग कोरडं पडून क्रँक धरायला वेळ लागत नाही.

लायनरच्या रिंगचे नुकसान याहून वाईट. काही इंजिनांत लायनरच्या बाहेरच्या अंगाला पाणी खेळते. त्याला मेस्त्री ओला लायनर म्हणतात. त्याच्या खालच्या टोकाला ज्या रबरी रिंगा असतात, त्या वरचे पाणी खालच्या तेलात येऊ देत नाहीत. त्या गेल्या, की पाणी तेलात उतरते. तेल ताकासारखे दुधी दिसू लागले तर समजा पाणी शिरले. आणखी एक सोपी खूण आहे. इंजिन रात्रभर उभे राहू द्या आणि सकाळी सुरू करण्याआधी चेंबरचा खालचा नट अगदी थोडा ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाला बसते. आधी पाण्याचे थेंब आले, तर इंजिन चालवू नका. असं तेल बेअरिंगला वंगण देत नाही.

आधी कारण, मग सील

नवे सील आणण्याआधी जुने का गेले ते पाहा. नाहीतर नवेही महिन्याभरात जाईल. तीन कारणे मुख्य असतात.

पहिले कारण ब्रीदर. चेंबरमधली हवा बाहेर जाण्यासाठी जी वाट ठेवलेली असते, तो ब्रीदर. धूळ आणि तेलाच्या चिकट्याने तो तुंबला, की आत हवेचा दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढते. पुष्कळदा ब्रीदर डिझेलने धुऊन, वाळवून बसवला, की गळती तिथेच थांबते. सीलला हातही लावावा लागत नाही. ब्रीदर साफ असूनही तिथून धुराचा भपका येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. मग नुसते सील बदलून उपयोग नाही.

दुसरे कारण बेअरिंगचा खेळ. इंजिन बंद करून शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहा. खडखड हलत असेल, तर कितीही चांगले सील तिथे टिकणार नाही. आधी बेअरिंग बदला.

तिसरे कारण शाफ्टवर पडलेली चर. सीलचा ओठ वर्षानुवर्षे एकाच जागी घासून लोखंडावरही चर पाडतो. नखाने चाचपून पाहा. नख अडकले, तर नव्या सीलचा ओठ त्या चरीवर येऊ देऊ नका. जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवा, म्हणजे ओठ शाफ्टच्या चांगल्या भागावर येईल. मात्र मागे तेल परत जाण्याचे भोक असते, ते झाकले जाऊ नये. चर खोल असेल, तर लेथवाल्याकडून शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून घ्या.

सीलला कंपनी नसते, माप असते

आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच. आपण दुकानात जाऊन अमुक कंपनीच्या अमुक सालच्या इंजिनचे सील मागतो. दुकानदार नाही म्हणतो आणि आपण परत येतो. तसं न करता माप घेऊन जा आणि माप सांगून सील मागा. तेच सील एखाद्या जीपच्या, मोटारसायकलच्या किंवा पिठाच्या गिरणीच्या यंत्रालाही लागत असते, आणि ते दुकानात पडलेले असते.

ऑइल सीलची मापे तीन. शाफ्टची जाडी, सील बसते त्या घराचा आतला व्यास, आणि सीलची रुंदी. ती याच क्रमाने सांगतात. सीलवर ४०-६२-१० असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ शाफ्ट ४० मिलिमीटर, घर ६२ मिलिमीटर, रुंदी १० मिलिमीटर. जुने सील पुसून उजेडात धरा, बहुधा आकडा सापडतो. नाही सापडला तर व्हर्निअरने मोजा. मोजताना जुन्या सीलचे भोक मोजू नका. ते झिजून मोठे झालेले असते आणि नवे असतानाही शाफ्टपेक्षा लहान असते. शाफ्टच मोजा, आणि तोही चर सोडून शेजारी.

इंग्लंडच्या नमुन्यावर बनलेल्या जुन्या इंजिनांची मापे इंचात असतात. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. दीड इंची शाफ्ट ३८.१ मिलिमीटरचा भरतो. त्याला ३८ चे सील निर्धास्त चालते. पण दोन इंची शाफ्ट ५०.८ चा. त्यावर ५० चे सील ताणले जाऊन लवकर तापते आणि झिजते, ५२ चे ढिले पडते. अशा वेळी इंची सीलच मागा. झेटरच्या नमुन्यावर बनलेल्या ट्रॅक्टरची मापे मिलिमीटरमध्ये असतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

शाफ्टचे माप जुळले पण घर मोठे निघाले, तर निराश होऊ नका. लेथवर लोखंडाची किंवा ॲल्युमिनिअमची एक रिंग काढून घ्या. ती घरात घट्ट बसवा आणि तिच्यात सील बसवा. सीलची रुंदी थोडी कमी असेल तरी चालते, जास्त असून चालत नाही. दोन ओठांचे सील मिळाले तर तेच घ्या. त्याचा बाहेरचा ओठ धूळ अडवतो, आणि आपल्या शेतात धुळीला काय तोटा!

रबर रबरात फरक आहे

काळे दिसले की सगळे रबर सारखे, असे समजू नका. सायकलच्या किंवा ट्रॅक्टरच्या ट्यूबचे रबर पाण्याला आणि हवेला चांगले, पण डिझेल आणि तेल लागले की ते फुगते, मऊ पडते आणि शेवटी फाटते. ट्यूब कापून लायनरला रिंग घातल्याचे मी पाहिले आहे. पहिले काही दिवस सगळे ठीक चालले. मग रबर फुगून खोबणीबाहेर आले आणि पाणी थेट चेंबरमध्ये गेले. वाचवले काही रुपये आणि गेली क्रँकची बेअरिंगे.

तेल-डिझेलला टिकणारे रबर म्हणजे नायट्राईल. ते १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झाले. साधारण १०० अंश सेल्सिअस उष्णतेपर्यंत ते चांगले काम देते आणि शेतीच्या बहुतेक इंजिनांना तेवढे पुरते. जिथे सील फार तापते, तिथे व्हिटॉन नावाचे रबर वापरतात. ते २०० अंशांच्या आसपास टिकते, पण महाग असते. लाल-नारिंगी सिलिकॉन उष्णता सोसते, पण डिझेल-पेट्रोलच्या जागी घालू नये. मात्र नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका. बनवणारा कोणताही रंग घालू शकतो.

मग ओळखायचे कसे? घरी करता येईल अशी परीक्षा सांगतो. रबराचा छोटा तुकडा कापा, कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड आखा. मग तो डिझेल भरलेल्या काचेच्या बाटलीत दोन दिवस बुडवून ठेवा. बाटली चुलीपासून आणि मुलांच्या हातापासून लांब असू द्या. दोन दिवसांनी तुकडा पुसून पुन्हा त्याच खुणेवर ठेवा. खुणेबाहेर चांगला पसरला, बोटाला चिकट लागला किंवा नखाने तुटला, तर ते रबर इंजिनचे नव्हे. किरकोळ फरक पडला तर चालेल.

दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले सीलही नीट पाहून घ्या. ऊन आणि हवेने रबर कडक होते. हळूच वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या, तर फुकट दिले तरी नको.

घरी काय जमवता येईल

नायट्राईल येण्याआधीही इंजिने चालतच होती. तेव्हा शाफ्टला नमद्याची म्हणजे फेल्टची आणि चामड्याची सील असत. ज्या जुन्या, मंद फिरणाऱ्या यंत्राला मुळात फेल्ट होते, तिथे आजही फेल्टच घाला. दाट लोकरी फेल्टची पट्टी खोबणीच्या मापाने कापा, कोमट तेलात भिजत ठेवा, तेल मुरले की बसवा. काम चोख होते.

टॅपेटच्या झाकणाला बुचाची म्हणजे कॉर्कची शीट कापून पॅकिंग करता येते. जुने बुचाचे पॅकिंग वाळून आखडले असेल, तर थोडा वेळ पाण्यात भिजवा, बहुतेक वेळा ते पूर्वीच्या मापाला येते. टाईमिंगच्या झाकणाला तेलात चालणारा पॅकिंगचा कागद वापरा. कागद झाकणावर धरून कडेने हलक्या हातोडीने ठोकला, की अचूक आकार उमटतो. जाडी मात्र जुन्या कागदाएवढीच ठेवा.

झाकणाची गोल रिंग मिळाली नाही, तर नायट्राईलची गोल दोरी मिळते. तिचे माप असे काढा. खोबणीच्या तळाचा व्यास ११० मिलिमीटर आणि दोरी ४ मिलिमीटर जाड असेल, तर ११० अधिक ४, म्हणजे ११४. त्याला ३.१४ ने गुणा. उत्तर येते ३५८ मिलिमीटर. तेवढी दोरी नव्या ब्लेडने दोन्ही टोकांना तिरकी कापा आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या एका थेंबाने जोडा. दोरी खोबणीच्या थोडी वर राहिली पाहिजे, म्हणजे झाकण आवळल्यावर ती दाबली जाईल.

इथे मात्र हात आखडता घ्या

जोडलेली रिंग लायनरला घालू नका. गरम पाण्यात तो जोड सुटतो. लायनरला साच्यातून निघालेली अखंड रिंगच पाहिजे. फिरत्या शाफ्टला, डिझेल पंपाला आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लिफ्टलाही जोडकाम चालत नाही.

आणि ब्रेक! जीपच्या किंवा तेलावर चालणाऱ्या कोणत्याही ब्रेकच्या रबरी वाट्यांत स्वतःचे डोके चालवू नका. ब्रेकचे तेल वेगळ्या जातीचे असते. त्यात नायट्राईल फुगते, आणि ब्रेकचे खास रबर इंजिन तेलात फुगते. म्हणून ब्रेकचे रबर डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेलने कधीही धुऊ नका. ते ब्रेकच्याच तेलाने धुवावे. त्या जागी त्याच कामासाठी बनवलेल्या वाट्या मिळाल्या तरच गाडी रस्त्यावर काढा, नाहीतर उभी राहू द्या. इंजिन बंद पडले तर एक पाळी चुकते, ब्रेक गेला तर माणूस जातो.

जुन्या पेट्रोल गाड्यांविषयी एक सूचना. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचले. जुन्या जीप-मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बुरेटरची रबरे त्यासाठी बनलेली नव्हती. ती वारंवार तपासा, आणि बदलताना इथेनॉलला चालणारीच मागा.

आणखी एक धोका. जुन्या सायलेन्सरचे पॅकिंग आणि काही इंजिनांच्या मागच्या सीलची दोरी ॲसबेस्टॉसची असू शकते. तिची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ती कोरडी खरवडू नका, वाऱ्याने फुंकू नका. पाण्याने भिजवून, नाकाला मास्क लावून काढा आणि ओली असतानाच पिशवीत बांधून ठेवा. नवे घालताना ॲसबेस्टॉस नसलेले घ्या.

बसवण्याची रीत

चांगले सील चुकीचे बसवले तर तेही गळते. सीलच्या ज्या बाजूला बारीक स्प्रिंग दिसते, ती बाजू तेलाकडे करा. सीलवर बाण असेल, तर तो शाफ्ट फिरण्याच्या दिशेशी जुळवा. शाफ्टवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढून जागा पुसा. चावीची खाच असेल, तर तिच्यावर पातळ चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर धारेने ओठ कापला जातो. ओठाला इंजिन तेल लावा. सील सरळ धरून लाकडी ठोकळ्याने किंवा मापाच्या पाईपच्या तुकड्याने चहूबाजूंनी सारखे ठोका. छिन्नीने एका कडेला ठोकू नका. बसल्यावर चिकटपट्टी काढायला विसरू नका.

लायनरची रिंग बसवण्याआधी ब्लॉकमधला गंज आणि पाण्याचे क्षार साफ करा. रिंग खोबणीत घातल्यावर तिच्याखालून एक गुळगुळीत काडी सगळीकडून फिरवा, म्हणजे पडलेला पीळ निघून जाईल. साबणाचे पाणी लावून लायनर सरळ दाबा. काळी साल निघालेली दिसली, तर रिंग कापली गेली असे समजा आणि पुन्हा बदला. हेड बसवण्याआधी लायनर वरून दाबून धरा, बाहेर पाणी भरा, आणि दोन तासांनी खालून बॅटरीच्या उजेडात पाहा. एकही थेंब दिसता कामा नये.

मिळेल कुठे

तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानात आधी माप सांगा. तिथे नाही मिळाले, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला चौकशी करा. लिस्टर पद्धतीच्या इंजिनचे भाग राजकोटहून येतात. कुठेच मिळाले नाही, तर औद्योगिक वसाहतीतले रबर कारखाने साचा करून देतात. त्यांना सांगा, रबर नायट्राईल पाहिजे, कडकपणा ७० शोर. फुगलेली जुनी रिंग नमुना म्हणून देऊ नका, तिच्यावरून चुकीचे माप निघेल. शाफ्टचे आणि खोबणीचे माप द्या. खर्च मुख्यतः साच्याचा असतो. म्हणून एकाच जातीचे इंजिन असलेल्या पाच-दहा जणांनी मिळून मागणी द्यावी, म्हणजे प्रत्येकाला परवडते.

ध्यानात ठेवायच्या गोष्टी

१. इंजिन सुरू करण्याआधी रोज तेलाची पातळी आणि रंग पाहा.
२. गळती दिसली, की आधी ब्रीदर साफ करा.
३. कंपनीचे नाव नको, माप सांगा: शाफ्ट, घर, रुंदी.
४. तेल-डिझेलच्या जागी ट्यूबचे रबर नको, नायट्राईल पाहिजे.
५. ब्रेक, लिफ्ट, डिझेल पंप आणि लायनर यांत जोडकाम नको.

शेवटी एवढंच सांगतो. हे काम पिकाला पाण्याची घाई असताना होत नाही. पावसाळ्यात इंजिन उभे असते, तेव्हा मेस्त्रीला बोलवा, एकदाच सगळी मापे घ्या आणि वहीत लिहून ठेवा. तीच मापे शेडच्या भिंतीवर रंगानेही लिहा. प्रत्येक सीलचा एक जादा नग आणून कागदात गुंडाळा आणि बंद डब्यात, उन्हापासून लांब ठेवा. मग भर हंगामात रात्री इंजिन गळायला लागले, तर बाजार उघडायची वाट पाहावी लागणार नाही. डब्यातले सील काढा, बसवा, आणि पाणी दाऱ्यात सोडा.